निळ्या हवाईतले लग्न : एका बेटाच्या ‘परंपरे’ची जन्मकथा

१/
१९६१ सालचा नोव्हेंबर महिना. अमेरिकेतील चित्रपटगृहांत ‘ब्लू हवाई’ हा चित्रपट झळकला. शेवटचे दृश्य लग्नाचे आहे. नारळीच्या गर्द बनातून एक शांत जलाशय वाहत जातो. फुलांनी शृंगारलेल्या तराफ्यावर पांढऱ्या पोशाखातील एल्विस प्रेस्ली आणि त्याची वधू उभी आहे. काठावर हार घातलेले स्त्री-पुरुष रांगेने उभे आहेत आणि एल्विस ‘हवाईयन वेडिंग साँग’ गातो आहे. हे चित्रीकरण काउआई बेटावरील ‘कोको पाम्स’ या हॉटेलात झाले. आज जगभरातील जोडपी ज्याला ‘पारंपरिक हवाईयन विवाह’ म्हणून मागणी करतात, त्याचा साचा बहुतांशी याच काही मिनिटांत घडला.

पण त्या दृश्यातील एकेक वस्तू उचलून तिचा जन्मदाखला पाहिला, तर निघणारी कथा चित्रपटापेक्षा कितीतरी अधिक रंजक आहे. आणि बरीच अस्वस्थ करणारीही.

२/
प्रथम गाणे. त्याचे मूळ नाव ‘के काली नेई आउ’, म्हणजे ‘मी वाट पाहत आहे’. अंशतः हवाईयन वंशाचे संगीतकार चार्ल्स ई. किंग यांनी ते १९२६ साली एका संगीतिकेसाठी रचले. ते स्त्री-पुरुषांचे युगुलगीत आहे, प्रेमाचे आहे. लग्नाचा मात्र त्यात उल्लेखही नाही. १९५८ मध्ये अमेरिकेतील दोन गीतकारांनी त्याच चालीवर इंग्रजी शब्द बसवले आणि त्या शब्दांत लग्न आणले. पुढच्याच वर्षी अँडी विल्यम्स यांच्या आवाजात ते गाजले, मग एल्विसने गायले. ‘ब्लू हवाई’ची ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या यादीत वीस आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. वाट पाहणाऱ्या माणसाचे गाणे अशा रीतीने मंगलाष्टकाच्या जागी जाऊन बसले.

वधूचे पात्रही असेच. कथेत ती अर्धी हवाईयन आहे आणि तिचे नाव ‘माइले’ आहे. भूमिका केली ती जोन ब्लॅकमन या मुख्यभूमीवरील अभिनेत्रीने. माइले हे हवाईच्या जंगलातील एका सुगंधी वेलीचे नाव. त्या वेलीकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

३/
आता जागा. काउआई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर वाइलुआ नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या काठाचा हा प्रदेश बेटावरील सर्वांत पवित्र भूमींपैकी एक मानला जात असे. नदीच्या मुखापासून डोंगरापर्यंत हेइआऊंची, म्हणजे दगडी चौथऱ्यांच्या देवस्थानांची, एक मालिकाच उभी होती. त्यांतील होलोहोलोकू या स्थानाजवळ जन्मशिळा आहेत. उच्च कुळातील स्त्रिया प्रसूतीसाठी तेथे आणल्या जात. या शिळांपाशी जन्मलेल्या मुलाच्या अधिकाराविषयी कोणी शंका घेत नसे. १९६२ मध्ये, म्हणजे चित्रपट आल्याच्या पुढच्याच वर्षी, या साऱ्या स्थानांना अमेरिकेचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता मिळाली.

चित्रपटातील तो सुंदर जलाशयही निसर्गाने बहाल केलेला नव्हता. ती राजघराण्याची मत्स्यतळी होती आणि ज्या राणीकडे ती होती, तिचे नाव देबोरा कापुले.

४/
कापुले ही काउआईचा अखेरचा स्वतंत्र राजा काउमुआलिई याची आवडती राणी. काउआई हे हवाई द्वीपसमूहातील असे बेट की जे कामेहामेहा पहिला याला शस्त्राने कधीच जिंकता आले नाही. १८१० साली काउमुआलिईने वाटाघाटी करून त्याचे अधिराज्य मान्य केले, पण बेटाचा कारभार स्वतःच्या हाती ठेवला.

कामेहामेहा गेला आणि त्याचा मुलगा लिहोलिहो गादीवर आला. १८२१ मध्ये तो काउआईला पाहुणा म्हणून आला. परतीच्या वेळी त्याने काउमुआलिईला आपल्या जहाजावर बोलावले आणि रात्रीच नांगर उचलला. पाहुणचार करणारा राजा कैदी होऊन होनोलुलूला पोहोचला. तेथे कामेहामेहाची विधवा आणि राज्याची खरी सूत्रधार काआहुमानू हिने त्याच्याशी विवाह केला. त्यानंतर त्याच्या मुलाशीही केला. काउआईचा राजा आणि राजपुत्र एकाच स्त्रीचे पती झाले. बंडाचा झेंडा उचलू शकतील असे दोन हात त्या एका घरात बांधले गेले.

हवाईच्या इतिहासातील एखादा विवाह ‘अस्सल’ म्हणून दाखवायचा, तर हा दाखवावा लागेल. पर्यटनाच्या माहितीपत्रकात तो शोभणार नाही, हे उघड आहे.

कापुले मागे उरली. तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, देबोरा हे नाव घेतले आणि वाइलुआच्या नदीकाठी आपले घर थाटले. आल्यागेल्या परदेशी प्रवाशांना ती राहायला जागा देई, तळ्यातील मासे खाऊ घाली. १८५३ मध्ये ती वारली. बरोबर शंभर वर्षांनी, १९५३ मध्ये, त्याच भूमीवर कोको पाम्स हॉटेलाचे दार उघडले.

५/
राजेराण्यांचे असे होते, मग सामान्य माणसांचे विवाह कसे होत? येथे आजच्या वेडिंग प्लॅनरची मोठीच पंचाईत होते, कारण सामान्य हवाईयन माणसाच्या लग्नाला सोहळाच नव्हता. दोघांनी एकत्र राहायचे ठरवले, घरच्यांची हरकत नसली, की झाले. ‘नोहो पू’, म्हणजे एकत्र बसणे, एकत्र राहणे, एवढाच त्यासाठी शब्द. मानकऱ्यांच्या घरांत ‘होआओ’ हा अधिक औपचारिक संबंध असे. त्याची व्युत्पत्ती कोशकारांनी ‘उजाडेपर्यंत थांबणे’ अशी दिली आहे. उजाडले तरी जो परत गेला नाही, तो नवरा. यापेक्षा आटोपशीर विवाहविधी सापडणे कठीण आहे.

याचा अर्थ हवाईयन माणसे उत्सवप्रिय नव्हती असा मुळीच नाही. त्यांचा मोठा उत्सव वेगळ्या प्रसंगी होई : पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर. बाळ जन्मले की लगोलग ‘मावाएवाए’ नावाचे भोजन घातले जाई. त्यासाठी डुक्कर आधीपासून पोसलेले असे. मग वर्ष भरले की पुन्हा मेजवानी. दोन माणसे एकत्र आली यात समाजाला विशेष काही वाटत नव्हते. त्यांच्यातून वंशाचा नवा दुवा जन्मला, ही खरी घटना. वाइलुआला जन्मशिळा आहेत. लग्नाची शिळा नाही.

आजच्या हवाईयन भाषेत लग्नाला ‘माले’ म्हणतात. तो शब्दही इंग्रजी ‘मॅरी’वरून आलेला आहे.

६/
डेस्टिनेशन वेडिंगच्या कार्यक्रमपत्रिकेत दुसरी अटळ गोष्ट म्हणजे ‘लुआऊ’. वधूवर शेजारी बसतात, समोर केळीची आणि टी वनस्पतीची पाने अंथरलेली, जमिनीतील भट्टीत शिजलेले डुकराचे मांस, नारळाची बर्फी. ‘प्राचीन मेजवानी’ अशी त्याची जाहिरात असते.

१८१९ पूर्वी अशी पंगत मांडली असती, तर वधूला प्राणाला मुकावे लागले असते. तेव्हाच्या ‘कापू’ नियमांनुसार स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवणे निषिद्ध होते. पुरुषांचे जेवणघर वेगळे, स्त्रियांचे वेगळे, अन्न शिजवायची भट्टीही वेगळी. पतिपत्नी झोपण्याच्या घरात एकत्र येत, जेवणाच्या घरात नाही. डुकराचे मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी आणि काही विशिष्ट मासे स्त्रियांना वर्ज्य होते. म्हणजे आजच्या लुआऊच्या पानावरील जवळजवळ सगळे मानाचे पदार्थ.

मे १८१९ मध्ये कामेहामेहा वारला. त्याच वर्षाच्या अखेरीस कैलुआ येथील एका भोजनात तरुण राजा लिहोलिहो सर्वांदेखत स्त्रियांच्या पंक्तीत जाऊन बसला आणि जेवला. त्याला तेथवर आणण्यात दोघींचा हात होता : त्याची आई केओपुओलानी आणि आपली वर आलेली काआहुमानू. आकाश कोसळले नाही. कापूची व्यवस्था त्या एका जेवणाने मोडली आणि पाठोपाठ हेइआऊही ओस पडू लागले. पहिले ख्रिस्ती धर्मप्रसारक १८२० मध्ये किनाऱ्याला लागले, तेव्हा जुना धर्म हवाईच्या लोकांनी स्वतःच मोडलेला होता. या क्रमाकडे अनेक लोकप्रिय पुस्तके दुर्लक्ष करतात.

एकत्र बसून जेवणारे वधूवर म्हणूनच प्राचीन हवाईचे चित्र ठरत नाहीत. ते एका राज्यक्रांतीचे चित्र आहे. एखाद्या प्लॅनरने हे पाहुण्यांना सांगितले, तर त्या जेवणाची गोडी वाढेल, कमी होणार नाही.

७/
‘लुआऊ’ या शब्दाचीही गंमत पाहण्यासारखी आहे. त्याचा मूळ अर्थ मेजवानी नव्हे, अळूची कोवळी पाने! मेजवानीला जुना शब्द ‘आहाआइना’. अळूची पाने नारळाच्या दुधात, कोंबडीबरोबर किंवा माशांबरोबर शिजवून वाढली जात. त्या पदार्थाच्या नावावरून एकोणिसाव्या शतकात अख्ख्या जेवणालाच लुआऊ म्हटले जाऊ लागले.

मराठी वाचकाला येथे थबकायला हरकत नाही. लग्नाच्या पंगतीत अळूचे फदफदे वाढल्याशिवाय जेवण पुरे न मानणारी माणसे महाराष्ट्रात आजही आहेत. वनस्पती तीच. आशियातून निघालेल्या दर्यावर्दींनी अळूचे कंद होड्यांतून बेटामागून बेट ओलांडत पॅसिफिकच्या मध्यापर्यंत नेले. कोकणात त्याची भाजी झाली, हवाईत त्याच्या कंदाचे ‘पोई’ हे मुख्य अन्न झाले.

फरक नात्याचा आहे. हवाईयन वंशकथेनुसार आकाशपिता वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचे पहिले अपत्य मृत जन्मले. त्याला घराजवळ पुरले आणि तेथून अळूचे रोप उगवले. दुसरे अपत्य जगले. त्याचे नाव हालोआ आणि त्याच्यापासून माणसांचा वंश चालला. अळू हा माणसाचा थोरला भाऊ ठरतो. त्यामुळे पोईचे भांडे उघडे असताना त्याभोवती भांडू नये, असा घराघरांतला दंडक होता. ताटात वाढलेली जांभळट पेस्ट म्हणून नाक मुरडणाऱ्या पाहुण्याला कोणाच्या वडीलधाऱ्यासमोर आपण बसलो आहोत, याची कल्पना नसते.

८/
पोशाखाचे थोडक्यात. हवाईयन वधूचा पायघोळ, मागे लांब घोळ सोडलेला ‘होलोकू’ झगा धर्मप्रसारकांच्या बायकांच्या शिवणकामातून निघाला. १८२० मध्ये त्यांचे जहाज अजून पाण्यातच होते, तेव्हा राणी कालाकुआ हिने त्यांच्यासारखा झगा आपल्यालाही हवा असा हट्ट धरला. धिप्पाड राणीच्या अंगाला बसेल असा सैल झगा जहाजाच्या डेकवर शिवला गेला. पुढे हवाईयन स्त्रियांनी त्याला असे रूप दिले की तो परका राहिला नाही.

झग्याबरोबर कायदाही आला. १८४५ च्या कायद्यांनी इंग्रजी पद्धतीप्रमाणे विवाहित स्त्रीची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात दिली. ज्या समाजात स्त्रिया मानकरी होत्या, बेटे सांभाळत होत्या आणि नको असलेला नवरा सोडून देत होत्या, त्या समाजात हे घडले. तीनच वर्षांनी, १८४८ मध्ये, जमिनीची खासगी वाटणी सुरू झाली. हवाईयन स्त्रीशी लग्न करणाऱ्या परदेशी पुरुषाच्या हाती तिच्या जमिनीचा कारभार जाण्याची वाट अशी मोकळी झाली. विवाहित स्त्रीला तिच्या मालमत्तेचा हक्क १८८८ च्या कायद्याने परत मिळाला. तोपर्यंत बरेच काही हातचे गेले होते.

९/
हुला नृत्याशिवाय बेटावरील लग्न कोणी कल्पीत नाही. १८३० मध्ये काआहुमानूने, आता ख्रिस्ती होऊन, सार्वजनिक हुलावर बंदी घातली. पुढे १८५९ मध्ये परवाना घेऊन कार्यक्रम करण्याची मुभा आली. हुला टिकले ते आडगावांत, गुरूंच्या घरांत.

त्याला पुन्हा भर दरबारात आणले राजा कालाकाउआ याने. हा पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला राजा. १८८१ च्या त्या प्रवासात तो कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईस आला होता, हे मुंबईकरांनाही फारसे ठाऊक नसते. परतल्यावर, फेब्रुवारी १८८३ मध्ये त्याने आपला राज्याभिषेक केला आणि त्यात उघडपणे हुला आणि मंत्रगायन करविले. त्या कार्यक्रमाची पत्रिका छापणाऱ्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. दहा वर्षांनी, १७ जानेवारी १८९३ रोजी, त्याची बहीण राणी लिलिउओकलानी हिला साखरमळेवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या गटाने पदच्युत केले. १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्या राज्यास जोडली.

नंतर १९३७ मध्ये वाइकिकीला ‘कोडॅक हुला शो’ सुरू झाला. तो दिवसाउजेडी होई, कारण पर्यटकांच्या कॅमेऱ्यांतील फिल्मला प्रकाश लागे. एका पिढीने ज्याला गुन्हा ठरवले, दुसरीने त्याचे तिकीट लावले.

१०/
या पार्श्वभूमीवर कोको पाम्सकडे परत यायचे. नारळीचे बन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खोबऱ्याच्या व्यापारासाठी लावलेले होते. व्यापार चालला नाही, बन राहिले. १९५३ मध्ये अवघ्या चोवीस खोल्यांचे हॉटेल सुरू झाले आणि त्याची सूत्रे ग्रेस बुशर यांच्याकडे आली. या बाई पेनसिल्व्हेनियाहून आलेल्या. त्यांची कल्पकता मात्र असामान्य होती. दिवेलागणीला शंख फुंकला जाई, ढोल वाजे आणि लंगोटीवजा वस्त्र नेसलेले तरुण तळ्याकाठून धावत एकामागून एक मशाली पेटवत जात. हा ‘मशालविधी’ बुशर यांनी बसवला. हवाईतील कितीतरी हॉटेलांनी तो उचलला आणि आज तो हजार वर्षांचा वाटतो. बनातील चिमुकले प्रार्थनामंदिरही रिटा हेवर्थ यांच्या ‘मिस सेडी थॉम्प्सन’ या चित्रपटासाठी उभारलेले होते. चित्रीकरण संपले, मंदिर हॉटेलला मिळाले आणि तेथे खरी लग्ने लागू लागली.

१९५९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. हवाई अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले आणि होनोलुलूला जेट विमाने येऊ लागली. १९५० च्या सुमारास वर्षाला पन्नास हजारांहून कमी पाहुणे येत. १९७० मध्ये सतरा लाख आले. त्यांतील कित्येकांनी ‘ब्लू हवाई’ पाहिलेला होता आणि त्यांना तेच तळे, तोच तराफा, तेच गाणे हवे होते.

बुशर यांना लबाड ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. त्यांनी स्थानिक माणसांना काम दिले, गायक घडवले, पाहुण्याला घरचे मानले. हॉटेलातील जुने नोकर त्यांच्याविषयी प्रेमानेच बोलत. खटकते ते निराळेच. ज्या भूमीला स्वतःचा एवढा इतिहास होता, तेथे नवा इतिहास रचावा लागला, कारण जुना ऐकायला कोणी आलेलेच नव्हते.

११/
मग अस्सल असे काही उरतच नाही काय? उरते, आणि भरपूर उरते. ते बहुधा जाहिरातीत नसते.

साखरेचा पहिला यशस्वी मळा १८३५ मध्ये काउआईवरच, कोलोआ येथे, सुरू झाला. त्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढे मळ्यांवर चिनी, जपानी, पोर्तुगीज, फिलिपिनो मजूर आले आणि शेजारी राहू लागले. आजच्या स्थानिक कुटुंबाच्या लग्नात सोनेरी कागदाचे एक हजार एक बगळे घडवून टांगलेले असतात. ती जपानी घरांची रीत. नवदांपत्य नाचू लागले की पाहुणे त्यांच्या अंगावर नोटा अडकवतात, ती फिलिपिनो रीत. पेला उंचावताना ‘बान्झाय’चा घोष होतो. युकुलेले हे वाद्यही १८७९ मध्ये आलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या छोट्या गिटारीपासून घडले. पोईच्या शेजारी भात, भाताशेजारी नूडल्स. ही मळ्यांच्या चाळींत शिजलेली संस्कृती आहे. तिच्यात मशाली नाहीत, पण तिच्यात कोणी नटलेले नाही.

१२/
आणि फुले. डेस्टिनेशन वेडिंगचा आराखडा करताना सर्वांत जास्त चुका फुलांच्या यादीत होतात.

विमानतळावर गळ्यात पडणारे जांभळ्या ऑर्किडचे हार बहुतांशी थायलंडहून येतात. चाफा हवाईत आला तो १८६० मध्ये, अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून. तो पुष्कळदा दफनभूमीत लावला जाई, म्हणून जुन्या पिढीतील माणसे तो गळ्यात घालायला नाखूष असत.

वधूचा मानाचा हार ‘पिकाके’ फुलांचा. पिकाके म्हणजे आपला मोगरा! कळ्यांचे अनेक पदरी सर वधूच्या गळ्यात घालतात. नावाची कथा हृद्य आहे. राजकन्या काइउलानी हिच्या वाइकिकीतील बागेत मोगराही होता आणि मोरही. दोन्ही तिचे लाडके. इंग्रजी ‘पीकॉक’चा हवाईयन उच्चार पिकाके. मोराचे नाव फुलाला चिकटले. राज्य गेल्यावर ही तरुण मुलगी अमेरिकेच्या अध्यक्षांना भेटून आपल्या बेटांसाठी दाद मागून आली. १८९९ मध्ये, सामिलीकरणाच्या दुसऱ्या वर्षी, ती तेविसाव्या वर्षी वारली. ज्या वधूच्या गळ्यात पिकाके आहे, तिच्या गळ्यात एका हरलेल्या राजघराण्याची आठवण आहे. फूल भारतीय, पक्षी भारतीय, शोक मात्र हवाईचा.

जंगलातून येणारी खरी मूळची वस्तू म्हणजे माइले. तिचा हार दोन टोके मोकळी ठेवून गळ्यात सोडतात. विवाहात पुरोहित, म्हणजे ‘कहू’, त्या वेलीने वधूवरांचे हात बांधतो. हुलाची देवता लाका हिची ही वेल. जुनी माणसे ती तोडण्यापूर्वी जंगलाकडे मंत्ररूपाने अनुमती मागत आणि एका झुडपाची सारी पाने कधी ओरबाडत नसत. लग्नांची मागणी वाढली आणि जंगले उजाड होऊ लागली. आता बाजारातील बरीचशी माइले कुक बेटांवरून येते. काउआईवर माइलेसोबत ‘मोकिहाना’ची हिरवी, बडीशेपेसारख्या वासाची फळे ओवतात. मोकिहाना केवळ याच बेटावर होते आणि तीच बेटाची अधिकृत ओळख आहे. ओहिआ झाडाची लाल लेहुआ फुले मात्र आता जाणकार टाळतात. २०१४ पासून एका बुरशीने ओहिआची जंगलेच्या जंगले वाळत आहेत आणि झाडाला झालेली प्रत्येक जखम रोगाला वाट करून देते.

म्हणूनच काही जाणते नियोजक आज वेगळ्या क्रमाने काम करतात. आधी फुले आणि मशाली ठरवून मग माणसे शोधत नाहीत. आधी त्या गावचा कहू, हुलाचा गुरू, अळूचे वाफे राखणारे शेतकरी यांना भेटतात, कोणता मंत्र कोणत्या प्रसंगाचा हे विचारतात, नकार मिळाला तर तो मानतात आणि योग्य मोबदला देतात. सरकारनेही २००८ पासून समुद्रकिनाऱ्यावरील व्यावसायिक लग्नांना परवाना सक्तीचा केला, कारण किनारा सर्वांचा आहे आणि एका जोडप्याच्या कमानीपायी कोळ्याची वाट अडू नये.

१३/
मंत्र म्हणणारी माणसे आज मिळतात, हीच मुळात गृहीत धरण्याजोगी गोष्ट नव्हे. १८९६ नंतर हवाईयन भाषा शाळेतून गेली, मग घरातून जाऊ लागली. १९७८ मध्ये राज्यघटनेने तिला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. तोवर ती बोलणारी मुले मोजकीच उरली होती, तीही मुख्यतः काउआईसमोरील लहानशा नीहाउ बेटाच्या कुटुंबांत. १९८४ मध्ये काउआईवरीलच केकाहा येथे ‘पुनाना लेओ’, म्हणजे ‘वाणीचे घरटे’, ही पहिली हवाईयन भाषेची बालशाळा उघडली. किनाऱ्यावर उभा राहून आशीर्वाद उच्चारणारा आजचा तरुण पुष्कळदा या चळवळीतून आलेला असतो. त्याने म्हटलेली चार वाक्ये ही कार्यक्रमाच्या मध्यंतरातील करमणूक नाही. ती त्याच्या आजीला शाळेत उच्चारण्याची मुभा नव्हती.

१४/
११ सप्टेंबर १९९२ रोजी ‘इनिकी’ हे प्रचंड चक्रीवादळ काउआईवर आदळले. चारशेहून अधिक खोल्यांचे झालेले कोको पाम्स उद्ध्वस्त झाले आणि पुन्हा उघडले नाही. तरीही जोडपी येत राहिली. छप्पर उडालेल्या इमारतींच्या बाजूला, त्याच तळ्याकाठी, त्याच गाण्याच्या साथीने वर्षानुवर्षे लग्ने लागत होती. चित्रपटाच्या स्मृतीसाठी अवशेषांत विवाह करणारी माणसे आणि त्या अवशेषांखाली पूर्वजांच्या अस्थी आहेत म्हणून हळहळणारी माणसे, दोन्ही एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना.

त्यानंतर योजना आल्या, गेल्या. २०१४ मध्ये आग लागली. काउमुआलिईचे वंशज म्हणवणारे काही जण त्या भूमीवर येऊन राहिले. २०१८ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने त्यांना निघावे लागले. ‘इ ओला वाइलुआनुई’ या स्थानिक गटाने तेथे हॉटेलऐवजी सांस्कृतिक आणि शैक्षणिक केंद्र व्हावे, तळ्यांना पुन्हा मत्स्यतळ्यांचे रूप यावे, अशी मागणी लावून धरली. नवीन हॉटेल बांधू इच्छिणाऱ्यांकडे परवाने होते. २०२४ मध्ये जुन्या इमारती पाडण्याचे काम सुरू झाले.

१५/
तेथून चालत जाण्याच्या अंतरावर, वाइलुआ नदीच्या मुखाशी, लिडगेट नावाचे सार्वजनिक उद्यान आहे. हिकिनाआकला, म्हणजे ‘सूर्याचा उदय’, या हेइआऊचे दगड त्याच उद्यानात आहेत. सुटीच्या दिवशी तेथे स्थानिक कुटुंबे सकाळपासून मांडव ठोकताना दिसतात. शीतपेट्या येतात, घडीची टेबले येतात, कोणाचा तरी काका युकुलेले लावत बसतो. मोठ्या पातेल्यात नारळाच्या दुधातील अळू असते. पाहुणे शंभर, दोनशे, कधी त्याहूनही अधिक.

मांडवात वधू नसते, वरही नसतो. मधोमध, गळ्यात त्याच्या मापाचा चिमुकला हार घातलेले, वर्षाचे झालेले मूल असते.